लाल फरशी आणि गेरू-चुना



मी पायदळातला निवृत्त अधिकारी. तीस वर्षं नोकरी झाली, आणि आता बेंगळुरूला मल्लेश्वरममध्ये स्थायिक आहे. मी इंजिनिअर नाही, गवंडी नाही, माझं रंगाचं दुकानही नाही. मी साधा बी.ए. आहे. तरी आज मी भाजलेल्या मातीच्या फरशीबद्दल बोलणार आहे, कारण एक चांगली जुनी फरशी मी स्वतः खराब केली आणि मग दोन वर्षं खपून ती बऱ्यापैकी सावरली. त्यात जे शिकलो ते तुमच्या उपयोगी पडावं, एवढाच हेतू.

सुरुवात लष्करातल्या एका सवयीपासून करतो. मोठे साहेब तपासणीला येणार म्हटलं की युनिटमध्ये बादल्या बाहेर निघतात. रस्त्याच्या कडेच्या विटा, झाडांचे बुंधे, सगळ्यांना एक पट्टा गेरूचा आणि एक पट्टा चुन्याचा. आमच्यात गमतीनं म्हणायचे, हलेल त्याला सलाम ठोका, हलणार नाही त्याला चुना लावा. यात वाईट काही नाही. टापटीप हवीच. पण गेरू-चुन्याचा एक तोटा आहे. छप्पर गळत असलं तरी भिंत पांढरी दिसली की माणूस निश्चिंत होतो. ही सवय मी पेन्शनबरोबर घरी घेऊन आलो.

आता घराबद्दल. घर माझ्या सासूबाईंचं, साधारण १९४० च्या सुमाराला बांधलेलं. १८९८ साली बेंगळुरूत प्लेगची साथ आली, त्यानंतर जुन्या पेठेतल्या दाटीबाहेर मोकळी वस्ती म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी वाढत गेली. तशा वस्तीतलं हे बैठं घर. वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मागे छोटं अंगण. आणि पडवीत आणि पुढच्या दोन खोल्यांत नऊ इंची चौरस लाल मातीच्या फरश्या.

मंगळुरी कौलं कोकणात, गोव्यात, बेळगावात, कोल्हापुरात सगळ्यांनी पाहिलेली आहेत. त्यांची सुरुवात १८६५ साली झाली. बासल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टनं मंगळुरूजवळ जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची माती त्यासाठी फार उत्तम. पुढे त्या भागात असे कारखाने वाढले, आणि छपराच्या कौलांबरोबर जमिनीसाठी सपाट फरश्याही तिथून निघू लागल्या. म्हणजे कौल आणि ही फरशी सख्खी भावंडं आहेत, एक डोक्यावर आणि एक पायाखाली.

माझ्या हातात आहे तो अशाच एका फरशीचा तुकडा. यावर चमचाभर पाणी टाकतो. बघा, पाणी थांबलं नाही, आत गेलं. ही माती साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजलेली असते. त्या उष्णतेला ती घट्ट होते, पण काचेसारखी वितळून बंद होत नाही. आत बारीक छिद्रांचं जाळं राहतं. मातीच्या फरश्यांसाठी आपल्याकडे आयएस १४७८ नावाचं भारतीय मानक आहे. त्यात फरशीनं स्वतःच्या वजनाच्या किती टक्के पाणी प्यावं यावरून तीन वर्ग केलेत: १० टक्क्यांपर्यंत, १९ पर्यंत आणि २४ पर्यंत. हल्ली फ्लॅटमध्ये बसवतात त्या व्हिट्रिफाइड टाइलचं हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असतं. दोघींनाही आपण टाइलच म्हणतो, पण स्वभाव अगदी वेगळे. एकीचे नियम दुसरीला लावले की घोटाळा झालाच.

बेंगळुरूच्या जुन्या घरांत आणखी एक लाल जमीन दिसते, तिला रेड ऑक्साइड म्हणतात. ती सिमेंटमध्ये लाल रंग कालवून जागेवर ओतलेली आणि घोटलेली असते. ती मातीची फरशी नव्हे. आणि मुंबईला कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाल तर तिथली नक्षीदार जमीन भाजलेल्या टाइल्सचीच आहे, पण त्या इंग्लंडहून आणलेल्या, जास्त घट्ट आणि कमी पाणी पिणाऱ्या. तेव्हा पहिलं काम, आपल्या पायाखाली नेमकं काय आहे ते ओळखा. पाण्याचा थेंब टाका. पाचेक मिनिटांत जिरला आणि डाग गडद दिसला तर फरशी पाणी पिणारी आणि उघडी आहे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर एकतर ती घट्ट जातीची आहे किंवा तिच्यावर आधीच काहीतरी लावलेलं आहे.

आता माझा पराक्रम सांगतो.

२०२१ च्या डिसेंबरात मुलीचं लग्न ठरलं होतं. केळवणं, पाहुणे, फोटो, सगळं याच घरात. फरशी ऐंशी वर्षं वापरून मंद झाली होती. आई, म्हणजे सासूबाई, तिला आठवड्यातून एकदा पुसायच्या आणि दिवाळीआधी थोडं तेल फिरवून कोरड्या फडक्यानं घासून काढायच्या, बस. मला ती चमक पुरेशी वाटेना. मी दुकानातून ओल्या फरशीसारखी चमक देणारा सीलर आणला. सीलर म्हणजे फरशीची छिद्रं बंद करायला लावतात ते द्रव्य. माझा होता तो वर काचेसारखा थर धरणारा. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की जमीन पूर्ण कोरडी असावी. मी ते वाचलं नाही. महिना ऑक्टोबरचा. बेंगळुरूत जून ते सप्टेंबरचा पाऊस संपतो न संपतो तोच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, सप्टेंबर-ऑक्टोबर हे इथले सर्वांत ओले महिने. वरून हात लावला तर फरशी कोरडी लागली, एवढ्यावर मी दोन हात मारून मोकळा झालो.

त्याच आठवड्यात मी दुसरं एक काम केलं, ज्याचा फरशीशी काही संबंध असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून पुढचं अंगण भिंतीपर्यंत काँक्रीट करून घेतलं.

लग्नात फरशी आरशासारखी दिसत होती. सगळ्यांनी वाहवा केली. आई एवढंच म्हणाल्या, "छान दिसते हो, पण आपली वाटत नाही."

फेब्रुवारीत पहिले पांढरे ढग दिसले. चकाकीच्या आत, दुधाळ. मी काय केलं असेल? आणखी एक हात मारला! गेरू-चुना. महिन्याभरात ढग दुप्पट झाले. पावसाळ्यात पडवीतल्या काही फरश्यांचा पृष्ठभाग सुटायला लागला, पोळीचा पापुद्रा सुटावा तसा. आणि त्या वर्षी बेंगळुरूत पाऊस किती पडला ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. सप्टेंबर २०२२ मध्ये शहराचे काही भाग पाण्याखाली होते.

त्याच सप्टेंबरात एका सकाळी आई उंबऱ्यापुढे सडा घालून रांगोळीला बसायला म्हणून वळल्या, ओले पाय पडवीतल्या चकाकीवर पडले आणि त्या घसरल्या. वय एक्याऐंशी. नशिबानं खुबा वाचला, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ज्या बाईनं त्या उंबऱ्यावर साठ वर्षं रांगोळीचा खाडा केला नव्हता, ती सहा आठवडे खिडकीत बसून रिकामा उंबरा बघत होती. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. एकदा फक्त आई हसून म्हणाल्या, "जावईबापू, माझी फरशी पाणी प्यायची आणि पाणी सोडायची. तुम्ही तिला रेनकोट घातलात. आता ती आतल्या आत भिजतेय."

मंडळी, यापेक्षा अचूक निदान मला नंतर कुठल्या पुस्तकातही मिळालं नाही.

शेजारच्या घराचं छप्पर दुरुस्त करायला एक वयस्कर मेस्त्री यायचे. इथे गवंड्याला मेस्त्री म्हणतात. मी त्यांना पडवी दाखवली आणि विचारलं, कोणता सीलर लावू? त्यांनी सीलरचं नावही काढलं नाही. कन्नडमध्ये एवढंच विचारलं, "नीरु एल्लिंद बरुत्ते?" पाणी कुठून येतं? मी म्हटलं, पुसताना पडत असेल. ते घराला एक फेरी मारून आले आणि पुन्हा तेच विचारलं.

मग त्यांनी समजावलं. जुन्या घरात फरशीखाली प्लास्टिकचा कागद नसतो. खाली ठोकलेली माती, वर वाळू, वर चुन्याचा थर आणि त्यावर फरशी. जमिनीतली ओल कायम थोडी थोडी वर येत असते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. फरशी उघडी असेल तर ओल वर येते आणि वाऱ्यानं उडून जाते. आपल्याला पत्ताही लागत नाही. पूर्वी अंगणही उघडं होतं, तिथूनही ओल उडून जायची. मी अंगण काँक्रीटनं बंद केलं, त्यामुळे बाहेरची ओल भिंतीखालून आत वळली. आणि आत आल्यावर तिला वर जायला वाट नाही, कारण तिथे माझी चकाकी! शिवाय छपराच्या पन्हाळीचा पाइप खाली फुटलेला, त्याचं पाणी नेमकं पडवीच्या पायथ्याशी मुरत होतं.

ओल एकटी येत नाही, जमिनीतले क्षार सोबत आणते. पाणी उडालं की क्षार मागे राहतात. भिंतीला लोणा लागतो म्हणतो ना आपण, तोच हा. उघड्या फरशीवर लोणा वर पांढरी पूड होऊन बसतो, ती झाडून टाकता येते. पण वर थर असेल तर क्षार थराखाली, फरशीच्या छिद्रांतच खडे धरतात. सोडियम सल्फेटसारखा क्षार पाणी धरून स्फटिक होतो तेव्हा त्याचं आकारमान तिपटीहून जास्त वाढतं. बंद छिद्रात एवढी जागा कुठून येणार? तो फरशीचा वरचा पापुद्राच उचलून टाकतो. माझ्या पडवीत तेच चाललं होतं, आणि सीलरचा दुसरा हात मारून मी त्याला मदत करत होतो.

तेव्हा आता क्रम सांगतो. पाणी आधी, सीलर शेवटी. तुमच्या गावी, तुमच्या घरी काहीही निराळं असो, हा क्रम बदलू नका.

पहिलं, ओल तपासा. दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, फरशीवर पसरा आणि चारी कडा चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा. निदान सोळा तास, शक्यतो पूर्ण दिवस ठेवा. उचलल्यावर प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालची फरशी गडद दिसली तर ओल खालून येते आहे. एका ठिकाणी नको, भिंतीजवळ, मध्ये, दारापाशी असं तीन-चार ठिकाणी करा. माझ्याकडे बाहेरच्या भिंतीलगत थेंब भरपूर आणि आतल्या खोलीत जवळजवळ नाही, असं निघालं. शत्रू कुठून येतो ते तेव्हा कळलं.

दुसरं, पांढरं दिसतं ते काय आहे ते ओळखा. थोडी पूड खरवडून चमचाभर पाण्यात टाका. विरघळली तर बहुतेक लोणा. विरघळली नाही, पण लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये फसफसली, तर तो बोअरवेलच्या जड पाण्याचा चुना, रोज त्याच पाण्यानं पुसून बसलेला. ही चाचणी वाटीत करा, फरशीवर लिंबू पिळत बसू नका. चुना निघाला तर पुसायचं पाणी बदला. लोणा निघाला तर जमिनीतलं पाणी थांबवा.

आम्ही काय केलं? पन्हाळीचा पाइप बदलला. भिंतीलगतचं दीड फूट रुंदीचं काँक्रीट तोडून काढलं, तिथे खडी भरली आणि उरलेल्या अंगणाला घराकडून बाहेरच्या बाजूला उतार दिला. भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंड्या हलवल्या. या सगळ्याचा खर्च सीलरच्या डब्यापेक्षा अर्थातच जास्त झाला, पण फरशीचं खरं औषध तेच होतं.

मग जुना थर काढणं. इथे दोन मोह होतात. एक ॲसिडचा. ॲसिड सांध्यांतला चुना आणि सिमेंट खातं आणि जाताना नवे क्षार मागे ठेवून जातं. मातीच्या फरशीला ॲसिड नको म्हणजे नको. दुसरा मोह घासायच्या मशिनचा. भट्टीत फरशीच्या वरच्या अंगाला एक टणक कातडी येते. मशिननं ती गेली की खालची मऊ, जास्त पाणी पिणारी माती उघडी पडते आणि मग ती कायम मळते. आम्ही जेलसारखा पेंट रिमूव्हर वापरला. दोन फरश्यांएवढा भाग घ्यायचा, लेप लावायचा, थर मऊ झाला की प्लास्टिकच्या पट्टीनं ओढून काढायचा, नायलॉनच्या ब्रशनं घासायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. खिडक्या उघड्या, हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि आई दुसऱ्या खोलीत. रोज जेमतेम दहा-बारा चौरस फूट काम व्हायचं. जानेवारी २०२३ पासून जवळजवळ दीड महिना मी गुडघ्यावर होतो. ट्रेनिंगनंतर एवढं रांगलो नव्हतो.

थर निघाल्यावर लोणा बाहेर यायला लागला. घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. पण तो पाण्यानं धुऊ नका, धुतलात तर विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशनं झाडा आणि सुपलीत भरून घराबाहेर टाका. जिथे फारच आहे तिथे कागदाचा लगदा करा, साधा पांढरा कागद डिस्टिल्ड पाण्यात भिजवून. तो फरशीवर बोटभर जाड थापा आणि पूर्ण वाळू द्या. वाळताना तो क्षार स्वतःत ओढून घेतो. उचलून टाका, गरज पडली तर पुन्हा करा. आमच्या पडवीत काही ठिकाणी चार वेळा करावं लागलं.

एकवीस फरश्या मात्र वाचण्यापलीकडे गेल्या होत्या. नवीन आणल्या असत्या तर रंग जुळला नसता. बेंगळुरूत जुनी घरं रोज पाडली जातात आणि त्यांचं सामान भंगारात मिळतं. तिथून त्याच मापाच्या मिळाल्या. तुम्हाला मिळाल्या नाहीत तर कपाटाखालच्या, पलंगाखालच्या चांगल्या फरश्या काढून पुढे बसवा आणि नवीन कपाटाखाली टाका. बसवताना आणि सांधे भरताना चुन्याचं मिश्रण वापरा. कडक सिमेंटचा सांधा फरशीपेक्षा टणक होतो, मग ताण आला की सांधा तसाच राहतो आणि फरशीची कड तुटते.

आणि मग थांबलो. हे सगळ्यांत अवघड. घरातले विचारायचे, आता लावा ना काहीतरी. मी २०२३ चा पावसाळा पूर्ण जाऊ दिला. खडीचा पट्टा काम करतो की नाही ते पावसाळ्यातच कळणार होतं. त्या वर्षी कर्नाटकात पाऊस कमी झाला हे खरं, म्हणून नोव्हेंबरात प्लास्टिकची चाचणी केली, जानेवारीत केली, आणि फेब्रुवारीत पुन्हा केली. तिन्ही वेळा आत थेंब नव्हता. इथे जानेवारी ते मार्च हवा कोरडी असते, फरशीच्या कामाला हाच काळ. कोकण-गोव्यातल्या मंडळींनीही पावसाळ्यानंतर चांगले तीन-चार महिने जाऊ द्यावेत. इंदूर, बडोदा, नागपूरकडे उन्हाळा चालेल, फक्त भर दुपारी तापलेल्या फरशीवर काही लावू नका.

आता शेवटी सीलर. ढोबळमानानं दोन जाती. एक वर थर धरणारे: ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, इपॉक्सी. दुसरे आत जिरणारे: सिलेन-सिलॉक्सेन जातीचे, किंवा आपलं जुनं जवसाचं तेल. वर थर धरणारे सगळे वाईट असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, जिथे खालून ओल यायचा प्रश्न नाही, तिथे पूर्ण वाळलेल्या फरशीवर ते टिकतात, डागही कमी पडतात. पण तळमजल्यावर, जमिनीला टेकलेल्या जुन्या घरात, आत जिरणारंच वापरा. ते छिद्रांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाही, पण छिद्र बुजवत नाही. वरचं पाणी आत जात नाही, आतली वाफ मात्र बाहेर पडू शकते. चकाकी येत नाही. ती नकोच आहे.

आम्ही पडवीत सिलॉक्सेन जातीचा सीलर लावला, कारण तिथे पावसाचा शिंतोडा येतो. आतल्या दोन खोल्यांत उकळलेलं जवसाचं तेल, म्हणजे दुकानात बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं ते. कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं. पहिला हात अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन. फडक्यानं पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटं पिऊ द्यायचं, आणि जे वर राहिलं ते दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसून घ्यायचं. फरशीवर तेल दिसता कामा नये. राहिलं तर चिकट होतं आणि धूळ धरतं. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, तसाच पातळ. फरशीनं पिणं थांबवलं की आपणही थांबायचं. सुरुवात नेहमी कपाटामागच्या एका फरशीवर करा आणि आठवडाभर बघा, कारण जवसानं रंग गडद होतो आणि तो परत फिरवता येत नाही.

एक इशारा, आणि हा मी हुकूम म्हणून देतो. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता साचते आणि काडी न लावता फडकं पेटतं. १९९१ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला अशाच जवसाच्या फडक्यांमुळे आग लागली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. काम झालं की फडकी पाण्यात बुडवून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर बाहेर मोकळ्या जागी एकेक सुटी पसरून पूर्ण वाळू द्या.

नंतरची निगा सोपी आहे. दाराशी पायपुसणं, कारण वाळूचे कण फरशीचे पहिले वैरी. फडकं घट्ट पिळून पुसायचं, पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण. संडास साफ करायचं ॲसिड या खोल्यांत आणायचंच नाही. जिथे ओले पाय पडतात तिथे मेण आणि पॉलिश नको. वर्षातून एकदा पाण्याचा थेंब टाकून बघायचा. जिरायला लागला की एक पातळ हात.

आता तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, म्हणजे दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा लावायचं? कायमचा उपाय नाही का? मलाही तेच हवं होतं. एकदा लावायचं आणि विसरून जायचं. पण आपल्या आज्या जमीन सारवायच्या. त्यांनी कधी कायमचं सारवण मागितलं का? दर चार-आठ दिवसांनी पातळ हात फिरवायच्या, आणि तो हात फिरवताना जमीन कुठे उकलली, कुठे ओल आली, मुंग्यांनी कुठे माती काढली, सगळं त्यांच्या बोटांना कळायचं. सारवणं हीच त्यांची तपासणी होती. आई दिवाळीआधी तेलाचं फडकं फिरवायच्या तेव्हा तेच करत होत्या. मी त्याला मळकट फरशी समजलो. माझ्या चकाकीनं सगळ्यांत मोठं नुकसान काय केलं असेल तर हे, की खालचं काही दिसेनासं झालं.

मार्च २०२४ मध्ये काम संपलं. फरशी आता आरशासारखी नाही. मंद, मातकट लाल आहे, एकवीस ठिकाणी ठिगळ आहे, आणि पडवीतल्या दोन-तीन फरश्यांवर पापुद्र्याचे व्रण राहिलेत. ते मी मुद्दाम बदलले नाहीत. आईंचं मनगट बरं झालं, पण पूर्वीसारखं वळत नाही. ठिपक्यांची मोठी रांगोळी आता होत नाही, चार रेघांचं स्वस्तिक काढतात. आणि त्यांच्या शेजारी, गुडघे दुखत असले तरी, रांगोळीचा डबा धरून मी बसतो.

काम झालं त्या दिवशी त्यांनी अनवाणी पायानं पडवीत एक फेरी मारली, थांबून टाच दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "हं. आता ही आपली वाटते." आजवर मोठमोठ्या साहेबांनी माझी तपासणी केली आहे. एवढी धाकधूक कधी झाली नव्हती.

तुमच्याकडे अशी फरशी असेल, कोकणातल्या घरात, गोव्यातल्या बल्कांवात, बेळगावच्या वाड्यात, तर दुकानात जाण्याआधी एकदा घराला फेरी मारा आणि स्वतःला तो मेस्त्रींचा प्रश्न विचारा: पाणी कुठून येतं? उत्तर मिळेपर्यंत डबा उघडू नका.

जय हिंद.